बाईसाहेबांची शेवटची कुपी

आमच्या बाबांनी चाळीस वर्षं मटणाचं दुकान चालवलं, आणि आता म्हातारपणी ते एका शेळीला सुई टोचू देत नाहीत.

शेळीचं नाव बाईसाहेब. दुकान बंद केलं त्या दिवशी ही एक उरली, ती परसातच राहिली. मी जिथे काम करते त्या प्रयोगशाळेत जनावर न मारता मटण वाढवतात. जिवंत जनावराच्या मांडीतून चिमूटभर मांस काढायचं, त्यातल्या पेशींना खाऊपिऊ घालायचं आणि एकीच्या लाख करायच्या. आमच्या पेशी बाईसाहेबांच्या. सुई लागली तेव्हा ती बाबांच्या हाताखाली अशी थरथरली, की बाबांनी तिथेच सांगून टाकलं, "एकदाच. पुन्हा नाही."

पहिले चार महिने झकास गेले. मग काय बिनसलं कोण जाणे. गोठवलेल्या कुपीतून काढून बशीत सोडल्या की पेशींनी तळाला चिकटून बसायचं असतं. बसल्या तरच वाढतात. आमच्या बसेचनात. मधोमध गोळा व्हायच्या आणि मरायच्या. मी त्यांचं खाद्य बदललं, बशा बदलल्या, बशा पुरवणाऱ्याशी फोनवर कडाकडा भांडले. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. दोन महिन्यांत एकेक करत कुप्या संपल्या आणि शेवटची उरली. ती गेली, तर बाईसाहेबांना पुन्हा सुई, नाहीतर माझं काम बंद.

ती कुपी मी सकाळी काढली आणि बशी इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे पेशींच्या उबदार कपाटात, ठेवली. आमच्या मॅडमनी सावधगिरी म्हणून, पुन्हा सुई टोचायची परवानगी विचारायला, त्याच दिवशी बाबांना बोलावून घेतलं. बाबा आले. पांढरा कोट त्यांना पोटावर बसेना, तो तसाच उघडा ठेवून कपाटाशेजारी उभे राहिले.

"बाबा, मॅडम फक्त विचारतायत," मी म्हटलं.

"मीही फक्त नाही म्हणतोय."

"अगदी बारीक सुई असते हो," मॅडम म्हणाल्या.

"असेल. पण तेव्हा तिच्या पाठीवर हात माझा होता, बाई. तुमचा नव्हता."

मला राग आला. सख्खा बाप माझ्या पोटावर पाय देत होता, तोही शेळीसाठी. "इतकी कापलीत," मी बोलून गेले, "तेव्हा नाही काही वाटलं?"

आधाराला म्हणून बाबांनी कपाटावर हात टेकला, आणि तो तिथेच राहिला. त्यांनी डोळे मिटले.

"ह्यात काय आहे?"

"तिच्याच पेशी."

"मग हे घाबरलंय कशाला? थरथरतंय बघ."

मला वाटलं, म्हातारा विषय बदलतोय. तरी हात लावला. आधी काही कळलं नाही. मग तळव्याला बारीक, सलग थरथर लागली आणि मी वर पाहिलं. कपाटाच्या डोक्यावर शेकर होता, बाटल्या दिवसरात्र हलवत ठेवणारं यंत्र. नवा फ्रिज आला तेव्हा टेबलावर जागा उरली नाही, म्हणून दोन महिन्यांपूर्वी तो मीच तिथे ठेवला होता. काखेत कळसा नि गावाला वळसा. त्या बिचाऱ्या पेशी बसणार कशा? मी बटण बंद केलं. मॅडमकडे बघायची माझी छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा न बोलावता आले. मी बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि त्यांना स्टूल दिलं.

"बसल्यात?"

"बसल्यात, बाबा. बघा, कशा पाय पसरून बसल्यात. आता सुई नाही लागणार तिला."

मला इतका आनंद झाला होता, की कालच्या बोलण्याची माफी मागायचंही राहून गेलं. बाबा बराच वेळ भिंगाला डोळा लावून होते.

"काल विचारलंस ना, तेव्हा काही वाटलं नाही का म्हणून," ते डोळा न काढता म्हणाले. "प्रत्येकीची थरथर हाताला कळायची, पोरी. पण ती थांबवायचा मला एकच उपाय यायचा."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"बसू दे आता त्यांना निवांत," बाबा म्हणाले.