केस फुटलेलं नाणं

दिघीच्या बंदरावर त्या दिवशी मासळीचा लिलाव अर्ध्यावर थांबला. सगळा गाव वखारीच्या ओसरीवर दर्याबाबांभोवती लोटला होता. बाबांच्या पुढ्यात तीर्थाचं मडकं आणि शेजारी एक लाकडी पेटी. बायका रडत-रडत त्या पेटीत परमुलखातली नाणी टाकत होत्या.

दिघीचे कितीतरी बाप्ये आगबोटीवर खलाशी. सफर संपली की खिशात उरलेले शिलिंग, फ्रँक, जर्मनीचे मार्क ते घरी आणत आणि डब्यात टाकत. बायकांनी त्या डब्याला आपलाच एक नेम लावला होता. नाणी घरात आहेत तोवर माणूस ती खर्चायला पुन्हा बंदराला लागणार, म्हणजे जगणार. तो दर्यावर असताना डब्याला कुणी हात लावत नसे. बाबांनी नेमका तोच डबा हेरला होता.

"राम म्हणा, रहीम म्हणा, दर्या एकच!" बाबा गरजले. "या नाण्यांचे गोरे मालक लढाईत मेले. ते आपलं नाणं शोधत फिरतात. नाणं ठेवलेलं घर सापडलं नाही, तर तुमच्या घरधन्याची बोट धरतात!"

मेलेल्या गोऱ्यांना दिघीच्या खलाशांची बोट कोणती हे कुणी सांगितलं? पण विचारायची छाती कुणाची!

गुलबानू डबा पोटाशी धरून उभी होती. रमजान गेला, बकरीद गेली, नवऱ्याचं, नजमुद्दीनचं, पत्र नव्हतं. डबा द्यावा तर तो परतायचा नाही, न द्यावा तर बुडायचा.

"खूण बघ, पोरी." बाबांनी तिच्या डब्यातून मार्काचं एक हलकं, पांढुरकं नाणं चिमट्यानं उचललं, राखेनं घासलं, तीर्थात बुडवलं आणि तिच्या तळहातावर ठेवून मूठ मिटवली.

नाणं तापू लागलं. बघता बघता निखाऱ्यासारखं पोळलं. गुलबानूनं किंचाळून ते फेकलं. खाली पडलेल्या नाण्यावर पांढरे केस उगवत होते!

"मेलेल्याची दाढी!" बाबा ओरडले. "तुझ्या नवऱ्याच्या बोटीवर चढलाय तो. टाक सगळं पेटीत!"

"या अल्ला!" गुलबानू पुढे झाली. डबा पेटीवर कलंडणार, तोच मागून आवाज आला, "थांबा बाई. आधी हात दाखवा."

बोर्लीच्या दवाखान्याचे दत्तात्रेय डॉक्टर गावात देवी टोचायला आले होते. त्यांनी तिचा हात साबणानं खसाखसा धुतला, काडीनं नाणं उलटंपालटं केलं आणि विचारलं, "बाबा, नाणं चिमट्यानं का धरता? शिलिंग का नाही तापवत?"

"तुझ्यासारख्या नास्तिकाला न्हाय कळायचं!"

"बरं. एखादं जर्मलचं झाकण आणा कुणीतरी."

शेजारची केसर कोळीण धावत जाऊन भाताच्या पातेल्याचं झाकण घेऊन आली. डॉक्टरांनी ते राखेनं घासलं आणि तीर्थ मागितलं. बाबांनी मडकं छातीशी ओढलं. "पाप लागेल!"

गुलबानूला बाबांची भीती होतीच, पण न कळण्याची भीती आता त्याहून मोठी झाली. तिनं मडकं हिसकावलं आणि झाकणावर ओतलं. झाकण तापलं. त्यावर पांढरे केस तरारून आले.

"अगो बाय!" केसर म्हणाली. "बाबा, ह्यो झाकन मी रोह्याच्या बाजारातून आनलाय. ह्याच्यात कोन मेलाय?"

गर्दीत हशा पिकला. बाबा उठून पळू लागले. कोळणींनी त्यांना पेटीसकट धरलं.

"या तीर्थात पाऱ्याचं विषारी मीठ आहे," डॉक्टर म्हणाले. "दवाखान्यात जंतू मारायला वापरतो, म्हणून मला ठाऊक. ॲल्युमिनियमला, तुमच्या जर्मलला, ते लागलं की धातू हवेत झपाट्यानं गंजतो, तापतो आणि पांढरी भुकटी वर येते. हलके मार्क त्याच धातूचे. शिलिंग चांदीचे, त्यांचं असं होत नाही. चांदी बाबांना फक्त पेटीत हवी होती. हे झाकण आता पुरून टाका, विष आहे."

"मग माझा घरवाला?" गुलबानूनं विचारलं.

"मला ठाऊक नाही, बाई. नाण्यालाही नाही. बोटीच्या कचेरीला विचारायला हवं."

गुलबानू डब्याकडे बघत राहिली. मग तिनं आजवर कुणी केलं नव्हतं ते केलं. डब्यातली सगळी नाणी काढून मुंबईला निघालेल्या दिराच्या, अब्दुस्समदच्या, हातावर ठेवली. "मोडून टाका. त्या पैशात कचेरीला तार करा." बायका "गुलबानू, अगं!" म्हणत राहिल्या. पण डबा तिनं रिकामा केला.

उत्तर आलं तेव्हा कागद वाचून घ्यायलाही तिला धीर होईना. नजमुद्दीन एडनच्या इस्पितळात होता. पाय मोडला होता, जीव शाबूत होता. म्हणजे डबा भरलेला असताना पाय मोडला, आणि डबा रिकामा झाला तरी माणूस जिवंत राहिला!

बायांनो, बाप्यांनो, ज्याचं माणूस दर्यावर, त्याला भीती वाटणारच, त्यात लाज कसली? पण त्या भीतीवर कुणी दुकान मांडलं, तर एवढंच म्हणा, "बाबा, हाच चमत्कार आमच्या झाकणावर करून दाखवा." आणि आपल्या माणसाची खबर हवी असेल, तर ती जिथं मिळते तिथंच विचारा.