उज्वलाताईंचं मानपत्र

उज्वलाताईंचं मानपत्र मी लिहावं आणि मीच वाचावं, असं ठरलं तेव्हा मी नाही म्हणायला हवं होतं. माझी सगळी नोकरी नगरपालिकेच्या वाचनालयात झाली. तिथे मोठ्याने बोलायची सवयच राहिली नाही, आणि ती आधीही नव्हती. पण सत्कार समितीच्या साईनाथने, त्याचं शिळफाट्याला हार्डवेअरचं दुकान आहे, माझं उत्तर ऐकायच्या आत फोन ठेवला.

ताई तीनदा नगरसेविका, मग पाच वर्षं नगराध्यक्षा. आता निवडणूक लढवणार नाही म्हणाल्या. त्यांच्या कामांची यादी करावी म्हणून मी दोन दिवस गावातल्या कोनशिला पाहत फिरलो. एकाही दगडावर ताईंचं नाव नव्हतं. नाक्यावरच्या नळापाशी ‘खोदकाम : दामू पवार’. दवाखान्याच्या भिंतीवर ‘गवंडी : नागू वाघमारे’. अंगणवाडीवर तर ‘खिचडी : ठकूबाई’. ज्याने राबून केलं त्याचंच नाव, हा ताईंचा हट्ट. माझी वही नावांनी भरली आणि ताईंवर एक ओळ सुचेना. ‘कर्तव्यतत्पर’, ‘ध्येयनिष्ठ’ असं लिहून पाहिलं. हे शब्द कुणालाही चालले असते. खोडले.

रविवारी सकाळी सभागृह भरलं. माइकसमोर उभा राहिलो आणि वही उघडली. जमलं नाही असं सांगून खाली बसावं, असं मनात आलं. शेवटी म्हणालो, “ताईंनी लावलेल्या दगडांवरची नावं तेवढी वाचतो. दामू पवार, खोदकाम.”

“हाय,” मागून आवाज आला.

लोक हसले. “हजर म्हनायचं रं,” कुणीतरी म्हणालं. “शाळंत गेलावतास का कदी?”

“गेलो असतो तर खड्डं कोनी खनलं असतं?”

नागू तर नाव पुरतं व्हायच्या आत उभा. “काका, जरा मोट्यानं. मागं ऐकू येत नाय.”

मी मोठ्याने वाचू लागलो. माझा आवाज शेवटच्या भिंतीपर्यंत जातो, हे मला तोवर माहीत नव्हतं. ठकूबाईंच्या नावाशी अडलो. त्या गेल्या वर्षी वारल्या. तेवढ्यात त्यांची सून जनी उठली. “सासूबाय नाय. आता खिचडी मी करते. मी हजर.”

टाळ्या थांबेनात. एकोणतीस नावं झाली, वही मिटली. ताई उठून माझ्याकडे आल्या. चिडल्या असतील, अशी माझी खात्रीच झाली.

“काका, भिवाजी राहिला.”

“त्यांचा दगड कुठे दिसला नाही, ताई.”

“कसा दिसेल? वरच्या आळीतली पाण्याची टाकी अजून अर्धीच आहे. दगड माझ्या पडवीत. त्यावर बसून मी भाजी निवडते.”

तिसऱ्या रांगेतला भिवाजी लाजत म्हणाला, “ऱ्हाऊ दे, ताई. टाकी झाल्यावं लावा. आमी काय पळून जातो?”

“म्हणजे ताई, पुन्हा उभ्या राहणार?” साईनाथ खुर्चीतून अर्धा उठला.

“उभी नाही राहत. टाकी होईपर्यंत रोज नगरपालिकेत जाऊन बसणार. अर्ज लिहायला मात्र कुणीतरी सोबत हवं.” ताई माझ्याकडे वळल्या. “याल ना, काका?”

“येतो,” मी म्हणालो. माइक तसाच चालू होता. ते सगळ्यांनी ऐकलं, आणि पहिली टाळी भिवाजीने वाजवली.