बिनमिठाचा नमुना

फॅक्टरीत त्यांना सगळे 'अळणी' म्हणायचे, तेही तोंडावर. गोठवलेल्या बटाट्याच्या कापांचा कुठलाही लॉट कंटेनरमध्ये चढण्याआधी त्यातलं एक पाकीट त्यांच्या टेबलावर यायचं. पाकिटावर छापलंय तस्सं, घरगुती ओव्हनमध्ये, वीस मिनिटं, मध्ये एकदा परतून ते भाजायचं, रंगपट्टीशी ताडायचं आणि चाखायचं. चाखायचं ते बिनमिठाचं, कारण मीठ पडलं की बटाट्याचे सगळे दोष झाकले जातात. एकोणीस वर्षं ते असा बटाटा खात होते. "माणसं खाल्ल्या मिठाला जागतात, हा गडी न खाल्लेल्या मिठालाही जागतो," असं डिस्पॅचचा कारकून म्हणायचा. त्यात खोटं काही नव्हतं. एकोणीस वर्षांत नापास माल त्यांच्या हातून पास झाला नव्हता. मालक येऊन शेजारी उभा राहिला तरी नाही.

तो माल युरोपातल्या एका मोठ्या किराणा साखळीच्या दुकानांत जायचा. पाकिटावर नाव त्या साखळीचं, फॅक्टरीचा उल्लेख औषधालाही नाही. फक्त मागे, खालच्या कोपऱ्यात, लॉटच्या आकड्यांच्या शेवटी ०७. सात नंबरच्या तपासनिसाने पास केलेला माल. सात नंबर म्हणजे अळणी.

त्यांची एकुलती एक लेक त्याच देशात नोकरीला होती. आई होती तोवर लेकीच्या फोनवर आईच बोलायची, हे शेजारी बसून मान डोलवायचे. सहा वर्षांपूर्वी ती गेली आणि फोनच्या दोन टोकांना दोन मुकी माणसं उरली. जेवलात का, जेवलो. थंडी आहे का, आहे. मग एका रविवारी लेक भर दुकानातून ओरडली, "बाबा, तुमचं पाकीट! मागे ०७ आहे!" त्या दिवशी दोघं पाऊण तास बोलली. तेव्हापासून दर रविवारी दुपारी ती काप भाजायची, मीठ न घालता बशी फोनसमोर धरायची आणि हे रंगपट्टीवरचा नंबर द्यायचे: एक-दोन म्हणजे पास, त्यापुढे नापास. बोलणं बटाट्यावरून सुरू व्हायचं आणि भलतीकडेच जाऊन थांबायचं.

गेल्या जूनमध्ये साखळीला दुसरीकडे स्वस्त माल मिळाला. चाचणीचं स्वयंपाकघर बंद झालं. अळणींना भिंतीवरचं एक घड्याळ देऊन घरी पाठवलं.

हे त्यांनी लेकीला सांगितलं नाही. पुढच्या रविवारी सांगू, म्हणता म्हणता आठ महिने गेले. "आज तीन लॉट पास केले," असं ते बेधडक ठोकून द्यायचे. पाकीट गेलं तर आपल्याकडे तिला द्यायला दुसरं आहे काय, याची त्यांना धास्ती होती. आणि लेकही म्हणायची, "आजही तुमचंच आणलंय, बाबा." जुना साठा असेल, शीतगृहात माल टिकतो, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. बुडत्याला काडीचा आधार. पाकिटाची मागची बाजू ती हल्ली दाखवत नव्हती, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून हेही मागत नव्हते.

त्या रविवारी बशी समोर आली. काप नागमोडी होते. त्यांच्या फॅक्टरीत नागमोडी कापाचं पातं कधी नव्हतंच. आंधळ्यानेसुद्धा हात फिरवून सांगितलं असतं की हा माल आपला नाही. काही टोकं करपली होती, त्यावर मीठही भुरभुरलेलं दिसत होतं.

"बोला बाबा, किती नंबर?"

समोरच्या भिंतीवर ते निरोपाचं घड्याळ टकटक करत होतं.

"दोन," ते म्हणाले. "रंग छान आलाय. पास."

लेक हसली नाही. तिने बशी खाली ठेवली.

"बाबा, तुम्ही हे पास केलंत?"

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"तुमचा माल इथे ऑगस्टपासून मिळत नाही. दुकानातल्या बाईने सांगितलं, पुरवठादार बदलला. मी दर रविवारी वाट बघत होते, आज सांगाल, उद्या सांगाल. शेवटी आज मुद्दाम नागमोडी आणले. मालकासमोर न वाकणारा माणूस, निदान हे बघून तरी नापास म्हणेल, मग बोलणं निघेल, असं वाटलं."

"तूही खोटंच बोलत होतीस की," ते पुटपुटले.

"हो. तुम्ही फोन करायचं सोडाल म्हणून." "कामावर जात नाही ना तुम्ही? मग दिवसभर करता काय?"

करपलेलं टोक किती चालेल, हे त्यांनी झोपेतही सांगितलं असतं. पण सकाळी सात वाजता डबा भरतात आणि अकरा वाजता याच खुर्चीत बसून तो खातात, हे कसं सांगायचं?

"काही नाही गं," ते म्हणाले. "बसलेला असतो. तुझ्या आईशिवाय आणि कामाशिवाय घर खायला उठतं."

सहा वर्षांत हे वाक्य घरात पहिल्यांदाच बोललं गेलं होतं. पलीकडून नुसतं नाक ओढल्याचा आवाज आला. फोन मात्र कुणीच ठेवला नाही.

"गार झाले सगळे," शेवटी लेक म्हणाली.

"मग पुन्हा गरम कर. पाच मिनिटं पुरे, पसरून ठेव, एकावर एक नको."

"आणि तुम्ही?"

"मी कुठे जातोय? मी थांबतो."