खोटा मेत्सो

मित्रांनो, मी एक जुना पक्षी आहे आणि माझ्या पोटात लाकडाचा भुसा आहे. आम्हा मोठ्या काळ्या रानकोंबड्यांना फिनलंडमध्ये मेत्सो म्हणतात. एका शिकाऱ्याने मला टिपलं. मग एका कारागिराने काचेचे डोळे बसवले, शेपटीचा पंखा उघडला, भुवईला लाल रंग दिला आणि मी या शाळेत आलो.

साठ वर्षं मी वर्गातल्या कपाटावर उभा आहे. काय कौतुक होतं माझं! दुसरीतली साइमी तर रोज सकाळी बाकावर चढून माझ्या चोचीला हात लावायची.

मग हिल्का ही नवी शिक्षिका आली आणि दर गुरुवारी वर्ग रानात भरू लागला. मी दिवसभर एकटा. संध्याकाळी पोरं परतायची ती लाल गालांची, अंगाला धुराचा वास, खिशात पाइनची फळं. मी त्या रानावर जळू लागलो. माझंच रान ते, आणि ही मला सोडून तिथे जातात! मी गुरुवारी पाऊस मागायचो. पाऊस यायचा, आणि पोरं रबरी बूट चढवून दुप्पट आनंदाने निघायची.

एकदा साइमी धावत आली. तिने खरा मेत्सो पाहिला होता. माझ्याजवळ येऊन तिने मला हुंगलं.

“हा आपला खोटा. याला नुसता धुळीचा वास.”

त्या दिवसापासून तिने चोचीला हात लावला नाही. माझा भुसा पेट घेईल की काय, असं वाटलं मला.

वसंतात शाळेचा शिपाई तौनो म्हणाला, याला कसरीची कीड लागलीय, शनिवारी कचऱ्यात टाकतो. साइमी पुटपुटली, “आधी एकदा त्याच्या घरी तरी नेऊ या.”

“नेऊ की,” तौनो म्हणाला. “डबा पण बांधून देऊ का त्याला?”

पण गुरुवारी त्यानेच मला घसरगाडीवर बांधलं. रानात अजून बर्फ होता. पोरांनी मला एका बुंध्यावर ठेवलं आणि शेकोटीवर सॉसेज भाजायला घेतली. तेवढ्यात बाटलीचं बूच उडावं तसा आवाज झाला. झाडांतून तो आला. खरा, चकाकता, छाती फुगवलेला. मी त्याच्याकडे द्वेषाने पाहिलं. आणि मित्रांनो, तोही माझ्याकडे अगदी तसाच पाहत होता!

हिल्काने पोरांना झटकन मागे ओढलं. तो माझ्यावर तुटून पडला. मला खाली लोळवून माझ्या पंखाची सात पिसं उपटली, आणि ऐटीत निघून गेला. मी बर्फात तोंड खुपसून पडलो होतो. इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

साइमीने सातही पिसं वेचली. शनिवारी तौनो खोका घेऊन आला, तर ही कपाटापुढे उभी.

“खोट्यावर कुणी एवढं चिडतं का रे, तौनो?”

तौनोने मान खाजवली. मग कसर मरावी म्हणून मला आठवडाभर एका रिकाम्या बर्फपेटीत गोठवलं आणि पिसं डिंकाने चिकटवली. एक उलटं बसलंय.

आजही गुरुवारी पोरं निघाली की मी जळतो. पण परत आल्यावर साइमी आधी माझ्या चोचीला हात लावते, आणि तो खरा कुठे दिसला, काय खात होता, सगळं सांगते. मित्रांनो, तुम्ही खुशाल रानात जा. फक्त परतल्यावर, मागे राहिलेल्या एखाद्या म्हाताऱ्यापाशी घटकाभर बसा आणि काय पाहिलंत ते सांगा. जळेल तो थोडा. जळू द्या.