सातवी अट

"फारम भरू नगा, अक्का. तेवढं पुण्य करा."

पॉलिशवाल्या विठोजींची बायको गंगव्वा मागच्या दारात पदर ओढून उभी होती. आत प्रेमाच्या कडेवर सहा महिन्यांची नयना, स्टोव्हवर दूध. तिचं अर्धं लक्ष दुधाकडे होतं.

"अहो, यात तुमचंच भलं आहे. आज विठोजींना पॉलिशसाठी पावपाव बाटली स्पिरिट आणावं लागतं. लायसन मिळालं की डबाच घरी ठेवता येईल. कारखान्याच्या टेबल-खुर्च्यांचं काम हातात येईल."

"त्येच सांगतोय की. डबा घरात येनार." गंगव्वाचा आवाज खाली गेला. "ह्येंनी यल्लम्माची आण घेतल्याय, गुत्त्याची पायरी चढनार न्हाई म्हणून. सा वर्सं झाली, चढलं न्हाईत. पर आण पायरीची हाय, अक्का. घराची न्हाई."

प्रेमाला हसूच आलं. "ते पॉलिशचं स्पिरिट हो! कुणी पिऊ नये म्हणून सरकारच त्यात विष घालतं. जांभळा रंग, घाण वास. कोण पिणार ते?"

"तहानलेला मानूस वास बघतोय व्हय?" गंगव्वा म्हणाली, आणि पायऱ्या उतरून गेली.

प्रेमा पुण्याची, रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. उमाकांतला बेंगळुरूच्या कारखान्यात नोकरी लागली आणि दोघं राजाजीनगरच्या क्वार्टर्समध्ये राहायला आली. पदवीचा कागद ट्रंकेच्या तळाशी गेला. आता ती नयनाची दुधाची बाटली दोनदा उकळायची, झोपलेल्या पोरीच्या नाकाशी बोट धरायची, जमिनीवरची टाचणी तिला लांबून दिसायची. उमाकांत म्हणायचा, "तुला सगळीकडे धोकाच दिसतो." सगळीकडे दिसायचा, खरं होतं. त्या दिवशी मागच्या दारात तेवढा दिसला नाही.

रविवारी विठोजी आले. पन्नाशीचे, बेळगावकडचे, नखांत लाखेचा तांबूस रंग मुरलेला. खुर्ची दिली तरी उंबऱ्यापाशीच बसले. अबकारी कचेरीचा फॉर्म इंग्रजीत होता. प्रेमा एकेक अट वाचून मराठीत सांगत होती आणि विठोजी शाळकरी पोरासारखी मान हलवत होते. स्पिरिट कुलपात ठेवायचं. दुसऱ्याला विकायचं नाही. पॉलिशखेरीज कशाला वापरायचं नाही.

"सातवी अट. स्पिरिटात मिसळलेले पदार्थ काढून ते शुद्ध करायचं नाही."

"शुद्द? म्हंजे त्यातलं ईष निघतंय व्हय, अक्का?"

रसायनशास्त्रातलं काही तिला कुणी विचारून दोन वर्षं झाली होती. प्रेमा खुलली. "रंग निघतो. कोळशाची पूड घालून फडक्यातून गाळलं ना, की जांभळेपणा सगळा कोळसा ओढून घेतो. पाण्यासारखं स्वच्छ दिसतं. पण—"

आत नयना किंचाळली. प्रेमा धावली. पोरगी चटईवरून लोळत लोळत पलंगाच्या पायाशी पोचली होती आणि कपाळ आपटून घेतलं होतं. तिला थोपटून प्रेमा बाहेर आली, तोवर विठोजींनी अंगठा उठवून कागदांची नीट घडी घातली होती.

"सरी अक्का, येतो." 'बरं'ऐवजी ते कानडी 'सरी'च म्हणायचे.

'पण विष निघत नाही,' हे तोंडातच राहिलं. त्या वेळी ते राहिलंय हेसुद्धा तिच्या ध्यानात आलं नाही.

लायसन आलं. विठोजींनी त्याला काच लावून घेतली आणि यल्लम्माच्या तसबिरीशेजारी टांगलं. पहिल्या डब्यातून त्यांनी नयनाचा पाळणा पॉलिश केला. दहा दिवस, कापडाच्या बोळ्यानं हात फिरवून फिरवून. पैसे घ्यायला तयार नाहीत. "बघा अक्का, बाळाचं तोंड दिसतंय लाकडात." खरंच दिसत होतं.

आश्विनात त्यांना बेळगावहून पत्र आलं. तेही प्रेमानंच वाचून दाखवलं. थोरला भाऊ वारला होता. पत्र पोचेपर्यंत दहावाही होऊन गेलेला. विठोजींनी ऐकून घेतलं. "सरी," म्हणाले, आणि उठले. गुत्ता त्यांच्या वाटेवरच होता. त्याची पायरी ते चढले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी गंगव्वा पुन्हा मागच्या दारात. पदर खांद्यावर नव्हता.

"अक्का, ह्ये इचारत्यात, अजून उजाडलं न्हाई का."

तिच्या पाठीमागे नारळाच्या झावळ्यांवर ऊन लखलखत होतं.

प्रेमा नयनाला उचलून तशीच धावली. विठोजी भिंतीला टेकून बसले होते, डोळे उघडे. कोपऱ्यात कोळशानं काळं झालेलं फडकं पिळून वाळत घातलेलं. शेजारी काचेचा पेला, तळाशी दोन घोट शिल्लक. पाण्यासारखं स्वच्छ.

मोठ्या दवाखान्यात जीव वाचला. डोळे गेले.

पंधरवड्यानं अबकारीचा इन्स्पेक्टर लायसन काढून न्यायला आला. सातव्या अटीखाली त्यानं लाल रेघ मारली. "कोळशाचं कुणी सांगितलं तुला?" त्यानं विठोजींना दरडावून विचारलं.

प्रेमा दारातच उभी होती. तिनं नयनाला घट्ट धरलं.

"कुनी न्हाई, सायेब. माझं मलाच सुचलं."

भिंतीवर लायसनच्या जागी एक फिकट चौकोन उरला. इन्स्पेक्टर गेल्यावर विठोजींनी मान प्रेमाच्या दिशेला वळवली. "अक्का, त्या दिशी बाळ पडलं व्हतं. फार लागलं न्हवतं न्हवं?"

"नाही," प्रेमा म्हणाली. "फार नव्हतं लागलं."

त्यापुढचं बोलायला तिनं तोंड उघडलं. गंगव्वा चुलीपाशी पाठमोरी बसली होती. तिनं वळून पाहिलंही नाही. उघडलेलं तोंड तसंच मिटून प्रेमा नयनाला घेऊन बाहेर पडली.

पुढच्या वर्षी उमाकांतची बदली झाली. पाळणा सामानाबरोबर नाशिकला आला. प्रेमानं दोन पत्रं पाठवली. पण त्या घरी पत्र वाचून दाखवणारी तीच होती. उत्तर कोण देणार?

म्हणून तुम्हालाच विनवणी. बेंगळुरूला गेलात, तर राजाजीनगरच्या क्वार्टर्समागच्या गल्लीत जरा डोकावा. विठोजी पॉलिशवाले म्हटलं की कुणीही घर दाखवील. जेवले का विचारा. छत्रीची मूठ त्यांच्या हातात द्या, बोटं फिरवून लाकूड कुठलं ते सांगतील. आणि जमलं तर सकाळी जा. गंगव्वा पहाटेच कामाला बाहेर पडते; उजाडलंय, हे त्यांना कुणीतरी सांगावं लागतं.