देवीच्या आरशावर गोणपाट

भाद्रपदात म्हसळ्याजवळच्या आमच्या गावात एक दिवा आपोआप पेटू लागला आणि गावाची अक्कल विझली.

धर्माजींच्या भातखाचरात बांबूवर शेंदरी पेटी, पेटीखाली दिवा आणि त्याखाली पाण्याचं घमेलं. तेल नाही, वायर नाही. ते सगळं उभारणारा, गावात नव्याने आलेला ज्योतनाथबाबा दिवेलागणीला हात वर करून पुटपुटायचा आणि दिवा लागायचा. खोडकिडीचे पतंग झेपावून घमेल्यात मरायचे. बांधावर सारा गाव हात जोडून उभा. बाबा सांगायचा, पेटीवरची काळी काच म्हणजे देवीचा आरसा. त्यात भक्तांचं पाप दिसतं, म्हणून कुणी वर चढायचं नाही. सगळ्या गावाचं पाप फूटभर काचेत मावतं कसं, हे कुणी विचारलं नाही. मी शाळेत विज्ञान शिकवतो. दोनदा बोललो, तर मला बांधावरून हाकललं.

धर्माजींची सून पूनम मात्र दिवा ओळखून होती. तिच्या माहेरी, चौलच्या नारळवाडीत, नारळावरचे भुंगे पकडायला असाच उन्हावर चालणारा सौर प्रकाश सापळा लावलेला. तिनं घरात सांगितलं. सासऱ्यांनी देवी कोपेल म्हणून गप्प बसवलं आणि ती बसली.

मग बाबाने घमेल्यातलं पाणी तीर्थ म्हणून वाटलं. धर्माजींनी ते आपल्या हाताने चार वर्षांच्या नातीला, प्राप्तीला पाजलं. पोरीच्या ओकाऱ्या थांबेनात. तालुक्याच्या दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. बाबा म्हणाला, आईच्या मनात शंका होती, तिची शिक्षा पोरीला मिळाली.

दोन दिवसांनी प्राप्ती घरी आली. त्याच दुपारी पूनम शिडी घेऊन खाचरात गेली. बाबा बांधावर भक्तांच्या घोळक्यात जेवत होता.

"बाबा, दिवा आता लावा," ती म्हणाली.

"दुपारी देवी निजते."

"मग मीच उठवते."

तिनं वर चढून काळ्या काचेवर गोणपाट टाकलं. भर उन्हात दिवा लागला. गोणपाट काढलं, विझला. पुन्हा टाकलं, पुन्हा लागला.

"ही सोलरची प्लेट हाय," ती म्हणाली. "दिवसा पेटीतली बॅटरी भरते, ऊन गेलं की दिवा आपसूक लागतो. त्याला मंतर लागत न्हाय, अंधार लागतो."

खाली उतरून तिनं घमेल्यात हात फिरवला. फेस आला.

"साबणाचं पाणी. किडा बुडावा म्हणून टाकतात. माझ्या लेकीला हेच पाजलंत."

धर्माजी घोळक्यातून पुढे आले. "मीच पाजलं," एवढंच बोलले. बाबा कोपाची भाषा करत होता, पण ऐकायला कुणी थांबलं नाही. ताट तसंच टाकून तो गेला.

सापळा खाचरातच आहे. आता पूनम तो संध्याकाळी तीन तासच चालू ठेवते, मग बटण बंद करते, म्हणजे शेताला उपयोगी किडे फारसे मरत नाहीत. यंत्र चांगलंच होतं. लबाडी त्यावर फासलेल्या शेंदरात होती. पुढचा बाबा येईल, तेव्हा हात जोडण्याआधी एवढंच विचारा: हे होतं कसं? उत्तर मिळेपर्यंत पोरांच्या तोंडाला काही लावू नका.