गव्हाच्या काडाचे पारडू

चुनीलालभाईंच्या घरी नवलचा जन्म झाला, ते साल एकोणीसशे अठ्ठावन्न. त्याच फाल्गुनात त्यांची चंद्री म्हैस व्याली आणि तिचे पारडू चौथ्या दिवशी मेले. मित्रांनो, ते पारडू म्हणजे मी. निदान कातडे तरी त्याचेच आहे. पोटात मात्र गव्हाचे काड आहे. तेव्हा मी नक्की कोण, हे मला अजून सांगता येत नाही.

तापीकाठच्या आमच्या गावात म्हैस पारडावाचून पान्हा सोडीना, तर असे पारडू करीत. गोठा सांभाळणाऱ्या गोवालदादाने माझे कातडे मीठ लावून वाळवले, काड भरून शिवले आणि चार काठ्यांवर मला उभे केले. चंद्रीने मला हुंगले, चाटले आणि तिची कास भरून आली. नवलच्या आईला, पार्वतीबाईला, तापामुळे दूध राहिले नव्हते. चंद्रीच्या दुधात पाणी घालून नवलला पाजत. चंद्री पान्हा सोडी माझ्यासाठी, पोट भरे नवलचे. मला तर भूकच नव्हती. मग ती कोणाला पाजते आहे, हे मला उमजत नसे.

चैत्र सरत आला. कडब्याची गंज रचून झाली. गोठ्यापुढे कपाशीच्या पऱ्हाट्यांचा मांडव उभा राहिला. दुपारी म्हशी डोहात बसू लागल्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येणार, म्हणून नवलची आजी शांतीबाई सारे घर सारवू लागली. तिने मलाही रिठ्याच्या पाण्याने खसाखसा धुतले. मला वाटले, हे लाड असावेत.

संध्याकाळी चंद्रीने मला हुंगले आणि लाथ झाडली. दुधाची कासंडी लवंडली. पुढे थेंब निघेना. घरात नवल रडत होता.

"काकी, पारडूना वास धुई टाकला तुम्ही!" गोवालदादा म्हणाला. "आते ती कशी वळखी?"

"आखाजीले पोरी येतीन. दारमा घाण ठेवू का?"

"पोरीस्ना नाकनी काळजी शे. म्हैसले नाक नही का?"

मग सोवळ्या शांतीबाईने चंद्रीचे मूत स्वतः ओंजळीत धरले, माझ्या अंगाला चोळले आणि वर मीठ लावले. चंद्री मला चाटू लागली. दूध उतरले. पण तिने मला ओळखले की तिला मीठ आवडले, या कोड्यात मी पडलो.

पुढच्या वेताला चंद्रीला जिवंत पारडी झाली. मी माळ्यावर गेलो. उंदरांनी माझे काड उपसले. नवल आठ वर्षांचा झाला, त्या वर्षी आखाजीच्या आवराआवरीत त्याने मला फेकायला म्हणून अंगणात टाकले. अंगावर वास नव्हता, मीठ नव्हते. दूध आटलेली म्हातारी चंद्री खुंट्यापासून दोर ताणून आली आणि मला चाटू लागली. कशासाठी, मला ठाऊक नाही.

"आजी, हाई काय शे?" नवलने विचारले.

"तुन्हा दूधभाऊ शे. वर ठेव त्याले."

मित्रांनो, ज्या जनावराचे दूध प्यालात, ते आटल्यावरही त्याला सावली आणि पाणी द्या. ते काय ओळखते, हे आपल्याला कळत नाही.

पारडू सन एकोणीसशे अठ्ठावन्नच्या फाल्गुनात मेले. चंद्री सन एकोणीसशे सहासष्टच्या वैशाखात, आखाजीनंतर सहाव्या दिवशी मेली.